घोड्यांनी ओढलेल्या मोटारी आणि झाडीतला पट

भंडारा जिल्ह्यात मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही आणि नजीकच्या काळात होईल अशी चिन्हेही नाहीत. मोटारीशी मात्र या जिल्ह्याचे नाते जुने आहे. महामार्गालगत गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून उभा आहे आणि तिथे मालमोटारींचे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनच्या गावाला, सनफ्लॅगचे पोलाद तयार होते आणि ते वाहनउद्योगालाही जाते. मोटारीच्या पोटातली चाके आणि दांडे अशा रीतीने इथून देशभर जातात, पण साकोली, लाखनी, लाखांदूर किंवा पवनीकडच्या माणसाला शर्यत म्हटले की आठवतो तो शंकरपट. धानाची चुरणी आटोपली, बांध्या कोरड्या पडल्या, की गावोगावी पट भरतात. हलक्या गाडीला जुंपलेली जोडी, तिच्यावर तोल सावरणारा धुरकरी आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. मोटारशर्यत सुरुवातीपासून आजवर कशी बदलली, हा प्रश्न या पटाच्या कडेला उभे राहून विचारला तर त्याचे नेहमीचे उत्तर अपुरे वाटू लागते. वेग वाढला, यंत्रे सुधारली, पैसा आला, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण वरवरचे आहे. शर्यत कशाची परीक्षा घेते आणि तिच्यातला धोका कोणाच्या अंगावर टाकते, या दोन गोष्टी बदलल्या की शर्यत खऱ्या अर्थाने बदलते, असे माझे म्हणणे आहे. मोटारशर्यतीने हा बदल सव्वाशे वर्षांत पचवला. पटाला तोच बदल दहा-पंधरा वर्षांत पचवावा लागतो आहे, आणि त्याच्यापुढे अशी एक अडचण आहे जी मोटारीपुढे कधी आलीच नाही.

मोटारींची पहिली मोठी चढाओढ २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआं या १२६ किलोमीटरांवर झाली. ती एका वर्तमानपत्राने, ‘ल पती जुर्नाल’ने, भरवली होती. बक्षीस सर्वांत वेगवान गाडीला नव्हतेच. धोका नसलेली, चालवायला सोपी आणि प्रवासाला फार महाग न पडणारी गाडी शोधायची होती. काउंट द दियाँ यांची वाफेची गाडी सर्वांच्या आधी रुआंला पोचली; पण तिच्या भट्टीत कोळसा घालायला वेगळा माणूस लागत होता, म्हणून पहिले बक्षीस तिला न देता पेट्रोलवर चालणाऱ्या प्यूजो आणि पानार यांच्या गाड्यांना विभागून दिले गेले. पुढच्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत एमिल लव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत परतला, ताशी सरासरी २४ किलोमीटरांनी. त्यालाही पहिले बक्षीस मिळाले नाही, कारण त्याची गाडी दोन आसनांची होती आणि नियम चार आसनांचा होता. ते गेले त्याच्यामागून अकरा तासांनी आलेल्या प्यूजोला. आजच्या वाचकाला हे अन्यायाचे वाटेल. पण परीक्षकांचा हेतू लक्षात घेतला तर निकाल सरळ आहे. त्यांना संसारी माणसाच्या उपयोगाची गाडी हवी होती. शर्यत हे ती निवडण्याचे साधन होते, साध्य नव्हते.

झाडीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, पटाकडे पाहिले तर त्याचाही मूळ तर्क हाच दिसतो. चिखलणीला, रोवणीआधीच्या नांगरटीला आणि धान घरी आणायला जो बैल लागायचा, तोच सुगीनंतर चारचौघांत धावायचा. गावाला त्यातून कोणाची जोडी निरोगी, कोणी बैलाला नीट खाऊ घातले, कोणाच्या हाताला कासरा ओळखतो, हे कळायचे. जोडी जिंकली तर तिच्या मालकाच्या शेतीची, गोठ्याची आणि शिस्तीची जाहिरात व्हायची आणि बाजारात त्या बैलांचा भाव चढायचा. इनामाची रक्कम किंवा वस्तू ही त्या मानाने दुय्यम होती. १८९४ च्या पॅरिसला आणि पटाच्या जुन्या काळाला जोडणारा धागा हा, की दोन्हीकडे शर्यतीत धावणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी कामाला जाणार होती. धावणे ही कामाचीच जाहीर परीक्षा होती. हा धागा तुटतो तेव्हा शर्यतीचा स्वभाव बदलतो, आणि तो तुटणे कुठल्याही नव्या विक्रमापेक्षा मोठी घटना असते.

मोटारशर्यतीत तो पहिल्यांदा ताणला गेला १९०३ मध्ये. त्या वर्षी २४ मे रोजी पॅरिसहून माद्रिदकडे दोनशेंहून अधिक वाहने सुटली. गाड्या तोवर ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेल्या होत्या, रस्ते मात्र बैलगाड्यांचे आणि घोडागाड्यांचे, धुळीचे आणि वळणांचे राहिले होते. लाखो लोक रस्त्याच्या अगदी काठावर, कित्येकदा रस्त्यातच उभे होते. पहिल्याच दिवशी चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मारले गेले. रेनॉ कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ प्राणघातक जखमी झाला. फ्रेंच सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली आणि मोटारी चालवत परत नेण्यालाही मनाई केली. घोडे जुंपून त्या स्टेशनपर्यंत ओढत नेल्या आणि आगगाडीत चढवल्या. ज्या यंत्राने घोड्याला निवृत्त करायचे त्यालाच घोड्याने ओढून न्यावे, यावर त्या काळी भरपूर हसून झाले असेल. त्या हशापलीकडची गोष्ट महत्त्वाची आहे. मोटारशर्यतीचा पहिला काळ तिथे बंदीने संपला आणि दुसरा काळ कुंपणाने सुरू झाला.

१९०६ मध्ये ल माँजवळ झालेल्या पहिल्या ग्राँ प्रीसाठी सार्वजनिक रस्ते अडवून, जागोजागी कठडे उभारून बंद वर्तुळ तयार केले गेले. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला केवळ मोटारींसाठी काँक्रीटचा ट्रॅक बांधला गेला. तिथल्या आयोजकांनी शर्यतीचे शिष्टाचार आणले कुठून, तर घोड्यांच्या रेसकोर्सवरून. सुरुवातीला चालक ओळखू यावेत म्हणून त्यांना जॉकींसारखे रंगीत अंगरखेसुद्धा घालायला लावले होते! यंत्रांच्या खेळाने जनावरांच्या खेळाकडून नियम उसने घेतले, हा तपशील पुढे पटाचा विचार करताना उपयोगी पडणार आहे. एवढे करूनही प्रेक्षक सुरक्षित झाला नाही. ११ जून १९५५ रोजी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हे याची मर्सिडीज उडून प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. शर्यत मात्र चालूच राहिली. गर्दी एकदम फुटली तर रुग्णवाहिकांच्या वाटा अडतील, असे कारण पुढे दिले गेले. त्यानंतर स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या मोटारशर्यती बंद केल्या आणि ती बंदी अनेक दशके टिकली. इटलीची मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत १९२७ पासून उघड्या रस्त्यांवर, गावांच्या मधून धावत होती. १९५७ मध्ये गुइदिझोलोजवळ एका फेरारीचे टायर फुटले, चालक आणि त्याचा सोबती यांच्याबरोबर रस्त्याकाठचे नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच मुले होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही.

प्रेक्षकाला धोक्याबाहेर काढण्याचे काम असे अर्धशतकाहून जास्त चालले. चालकाचा विचार त्याच्याही नंतर आला, आणि आला तोही चालकांनी भांडण मांडल्यावर. १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जॅकी स्टुअर्टची गाडी पावसात घसरली आणि तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत आत अडकला. त्याला बाहेर काढायला दुसऱ्या चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. जगज्जेतेपदाच्या शर्यतीत वैद्यकीय व्यवस्थेची ही तऱ्हा होती. स्टुअर्टने पट्टे, कठडे, डॉक्टर यांची मागणी लावून धरली तेव्हा त्याला भित्रा म्हणणारे कमी नव्हते. १९६८ मध्ये एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जिम क्लार्क, माइक स्पेन्स, लुडोव्हिको स्कार्फिओत्ती आणि जो श्लेसर असे चार फॉर्म्युला वनचे चालक शर्यतीत किंवा सरावात गेले. भित्रेपणाचा आरोप त्यानंतर हळूहळू विरत गेला. १९७८ पासून सिड वॉटकिन्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक फॉर्म्युला वनचे डॉक्टर म्हणून प्रत्येक शर्यतीला जाऊ लागले. १९९४ मध्ये इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवसांत रोलांड रॅट्झनबर्गर आणि आयर्टन सेन्ना गेल्यावर ट्रॅक, गाडीची बांधणी आणि धडकेच्या चाचण्या पुन्हा तपासल्या गेल्या. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची टायटेनियमची कमान सक्तीची झाली, तेव्हा जुन्या रसिकांनी ती कुरूप म्हणून नाके मुरडली. दोन वर्षांनी बहरीनला रोमँ ग्रोझाँची गाडी लोखंडी कठडा फाडून पेटली आणि तो भाजलेल्या हातांनी, पण आपल्या पायांनी आगीतून बाहेर आला. कुरूपतेची चर्चा तिथेच थांबली.

या सगळ्या काळात वेगाचे काय झाले? तो वाढला, पण नियम करणाऱ्यांचे बरेचसे काम त्याला वेसण घालण्याचे होते. १९६१ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनाची क्षमता अडीच लिटरांवरून दीड लिटरवर आणली गेली, १९८३ मध्ये गाडीच्या पोटाखालून हवा खेचून ती जमिनीला चिकटवणारी रचना बंद केली, १९८९ मध्ये टर्बो इंजिने बंद केली. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पात्रता फेरीतला सरासरी वेगाचा विक्रम एरी लायंडाइकने १९९६ मध्ये केला, ताशी सुमारे ३८१ किलोमीटरांचा. तो अजून तसाच आहे. मोटारशर्यत म्हणजे अखंड चढत जाणारा वेग, या समजुतीला हा एकच आकडा पुरेसा आहे. तंत्रज्ञ आजही त्याहून वेगवान गाडी बांधू शकतील. आपण किती धोका पत्करायचा हे शर्यतीने ठरवले आहे आणि वेग त्या हिशेबात बसवला आहे. आणि हे होत असताना शर्यतीची गाडी रस्त्यावरच्या गाडीपासून इतकी दूर गेली, की तिच्यातून बाजाराला जाता येत नाही, तिच्यात दुसरा माणूस बसत नाही, आणि ती सुरू करायलाही माणसांचे एक पथक लागते. १८९४ च्या परीक्षकांनी तिला कोळसेवाल्या माणसाच्याच न्यायाने बाद केले असते.

आता पटाकडे वळू. पूर्व विदर्भात पट म्हणजे नुसती धाव नाही. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, तिथे दंडार आणि खडी गंमत रंगते. हिवाळा सरता सरता पटांचा हंगाम येतो. दिवसा पट आणि रात्री नाटक हा झाडीपट्टीचा जोडबेत आहे. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या या हंगामावर पोट भरतात. तिकीट काढून, रात्रभर, थंडीत बसून नाटक पाहणारा खेडूत प्रेक्षक टिकला त्यात या पटांचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीत पोचले. पटाला पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, हॉटेलवाला-खेळणीवाला यांचे चार पैसे होतात. म्हणून न्यायालयाच्या बंदीने पट बंद झाला तेव्हा फक्त बैलांचे मालक हळहळले नाहीत, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांपर्यंत त्याची झळ गेली. पुणे जिल्ह्यातल्या घाटांतली बैलगाड्यांची रीत वेगळी, तिथे गाड्यापुढे घोडी धावते आणि घाटाचा राजा ठरतो. सातारा-सांगलीकडची मैदाने आणखी वेगळी. झाडीत शर्यतीभोवती आख्खा सामाजिक हंगाम बांधलेला आहे, हे इथले वैशिष्ट्य.

पण ज्या बैलाभोवती हा हंगाम बांधला तो बैलच शेतातून निघून चालला आहे. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातली नर गोवंशाची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत तीस टक्क्यांची घट. गायींची संख्या याच काळात वाढली, हे ध्यानात घेतले तर कारण उघड होते. चिखलणीला ट्रॅक्टर आला, धान वाहायला ट्रॉली आली, मळणीला यंत्र आले. दुधासाठी गाय ठेवावी लागते, कामासाठी बैल ठेवावा लागत नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि थकलेल्या बैलाला विकून नवा घेण्याचा शेतकऱ्याचा जुना हिशेब मोडला. उरलेल्या बैलांत पटाचा बैल आता वेगळा पडला आहे. त्याचा खुराक वेगळा, सराव वेगळा, किंमत वेगळी, आणि तो औताला जुंपला जात नाही. जिथे एकेकाळी दोन जोड्या शेजारी धावल्या आणि पंचांच्या डोळ्यांनी निकाल दिला, तिथे विदर्भातल्या कित्येक पटांत सेकंदांचे घड्याळ बोलते. धावणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी कामाला जाणारी राहिलेली नाही. मोटारीच्या बाबतीत जो धागा तुटायला निदान पन्नास वर्षे लागली, तो इथे एका पिढीत तुटला.

आणि नेमक्या याच वेळी कायदा दारात आला. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचे जलिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैल हे ओझे ओढणारे जनावर आहे, घोड्यासारखी धावण्याची त्याची शरीररचना नाही, असे त्या निकालाचे म्हणणे होते. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट दिली आणि काही दिवसांतच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा दुरुस्ती कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अनामत भरावी लागते, धाव १००० मीटरांपेक्षा लांब ठेवता येत नाही, पशुवैद्यकाने बैल तपासावा लागतो, चित्रीकरण करावे लागते. तुतारी (बैलाला टोचायची काठी), चाबूक, विजेचा झटका यांना बंदी आहे. १९०३ ची बंदी, १९०६ चे कठडे आणि १९७८ चे डॉक्टर, तिन्ही गोष्टी एका दशकाच्या आत एका गावकी समितीच्या हातात कागदाच्या रूपाने पडल्या. त्या समितीची तारांबळ उडते यात नवल नाही.

या तुलनेवर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ती मुळातच चूक आहे. स्टुअर्टने धोका स्वतः पत्करला, भांडला, आणि नको वाटले तेव्हा निवृत्त झाला. बैलाला यांतले काहीच करता येत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि मी सुरुवातीला म्हटलेली पटापुढची वेगळी अडचण ती हीच. २०२३ च्या निकालानेही बैलाची संमती गृहीत धरलेली नाही. नव्या नियमांमुळे त्याचा त्रास बराच कमी होतो, असे मानून कायदे टिकवले आहेत. म्हणजे त्या निकालाचा सगळा भार नियम पाळले जाण्यावर आहे. यावर गावाकडून जे उत्तर येते ते असे, की बैलाला औताला जुंपताना तरी कोणी विचारले होते? उत्तर चोख वाटते, पण ते जुन्या काळाचे आहे. औताच्या मागे कुटुंबाचे पोट होते. पटाच्या मागे हौस आहे, मान आहे, गावाचा आनंद आहे. पोट आहे ते बहुतेक इतरांचे. शेतीशी असलेला संबंध हा पटाच्या बाजूचा सर्वांत मोठा आधार म्हणून सांगितला जातो, आणि ट्रॅक्टरने नेमका तोच काढून घेतला आहे. म्हणून पटवाल्यांवरची जबाबदारी जुन्या काळापेक्षा वाढली, कमी झाली नाही.

मोटारशर्यतीचा इतिहास इथे एक कसोटी देतो. गुइदिझोलोच्या पाच मुलांनीही धोका पत्करलेला नव्हता, आणि शर्यतीला शेवटी त्यांच्यापुढे हार मानावी लागली. ज्यांनी होकार दिला नाही त्यांना धोक्याच्या पल्ल्याबाहेर नेल्यानंतरच तिला पुढे जाता आले. पटात बैलाला बाहेर नेता येत नाही, कारण पट म्हणजे बैलच. त्यामुळे धोकाच त्याच्यापासून दूर न्यावा लागेल. धुरकऱ्याने आपला जीव किती टांगणीला लावायचा हे एका मर्यादेत त्याच्यावर सोडता येईल, पण बैलाच्या अंगावर येणारी इजा त्याच्या साध्या कामाच्या दिवसाहून अधिक असता कामा नये, आणि वेदना देऊन काढलेला वेग हा वेग म्हणून मोजलाच जाता कामा नये. ही कसोटी मोटारीच्या कसोटीपेक्षा कडक आहे, आणि ती तशीच असायला हवी. जी समिती तुतारी दिसताच जोडी बाद करते आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा सहन करते, ती या कसोटीला उतरते. गर्दीच्या दडपणाखाली ‘या वेळी जाऊ द्या’ म्हणणारी समिती पटाच्या विरोधकांसाठी पुढच्या याचिकेचा मजकूर तयार करत असते.

दुसरा मुद्दा पटाच्या समर्थकांचा आहे आणि तो मला त्यांच्यासारखा भक्कम वाटत नाही. पटामुळे देशी जात टिकते, असे ते म्हणतात. मोटारशर्यतीनेही नेहमी हेच म्हटले, की आमच्यामुळे रस्त्यावरच्या गाड्या सुधारतात. त्यात तथ्य होते. १९५३ मध्ये जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर ल माँ जिंकले आणि ते ब्रेक पुढे घरोघरच्या गाड्यांत आले. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची पद्धत फेरारीने १९८९ मध्ये शर्यतीत आणली, ती आज महागड्या मोटारींत सर्रास असते. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजता येतील, आणि शर्यत जसजशी विशेष होत गेली तसा हा दावा पातळ होत गेला. बैलांचेही तसेच आहे. पूर्व विदर्भाची कठाणी ही आता नोंद झालेली स्थानिक जात धानाच्या चिखलात टिकून काम करण्यासाठी ओळखली जाते. पट निवडतो तो कोरड्या मातीवर काही सेकंद सुसाट सुटणारा बैल. या दोन गुणांची निवड एकच आहे असे कोण म्हणेल? शिवाय जात टिकते ती गायींवर, आणि पटाच्या इनामातून गाय सांभाळणाऱ्याला काही मिळत नाही. पट देशी बैलाची हौस जिवंत ठेवतो, इतके म्हणणे प्रामाणिक होईल. जात टिकवायची असेल तर पटाच्या मैदानावरच गायी-कालवडींचे प्रदर्शन आणि त्यांना तितक्याच मोलाचे इनाम ठेवता येईल. त्याला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

मग कोणी म्हणेल, इतके नियम लावल्यावर पटात उरले काय? घड्याळ, कागद, पशुवैद्यकाचा शिक्का आणि कोरडी धाव. ही भीती निराधार नाही. मिल्ले मिल्या आज जुन्या गाड्यांची, ठरलेल्या वेळा पाळण्याची फेरी म्हणून चालते. तिला पाहायला लोक येतात, पण १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस दहा तासांत जी धावला ती शर्यत ही नव्हे. मोजमाप आले म्हणून वाद संपतात असेही नाही. १९९७ मध्ये हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत तीन चालकांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी आली, आणि ज्याने ती आधी नोंदवली त्याला पुढे उभे करावे लागले. झाडीतल्या पंचांनाही असा पेच अपरिचित नसावा. नियमांनी काही हरवते हे कबूल. पण शर्यती नियमांनी मेल्या याची उदाहरणे कमी सापडतात. लोकांनी पाठ फिरवली की त्या मरतात. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक २०११ मध्ये जागतिक दर्जाच्या सुविधांसह उघडला, तीन वर्षे फॉर्म्युला वन तिथे आली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि हा खेळ की करमणूक या करांच्या वादात ती शर्यत निघून गेली. ती परत यावी म्हणून कोणी रस्त्यावर उतरले नाही. पटावर सात वर्षांहून अधिक काळ सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती आणि परवानगी मिळताच मैदाने भरली. पटाला लोक आहेत. त्याच्याकडे तेवढेच भांडवल आहे, आणि तेच जपायचे असेल तर मैदानावर काय घडले याचा हिशेब लोकांसमोर ठेवावा लागेल.

मोटारशर्यत या हिशेबावर तगली आहे. १९९७ पासून फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत अपघाताची नोंद करणारे यंत्र असते. गाडी कुठे, किती जोराने, कोणत्या कोनात आदळली हे त्यातून कळते आणि पुढचे हेल्मेट, पुढचा कठडा त्या नोंदीवरून बदलतो. पटाला इतक्या यंत्राची गरज नाही. चित्रीकरणाची अट नियमातच आहे. ते चित्रीकरण परवानगीच्या फायलीत पडून राहण्याऐवजी पट संपल्यावर आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार ओळी लागाव्यात: किती जोड्या धावल्या, किती बैल पडले किंवा लंगडले, किती धुरकरी घसरले, किती जोड्या तुतारी किंवा चाबकासाठी बाद झाल्या आणि प्रेक्षक किती वेळा आडवे आले. लाखनीच्या पटाची नोंद साकोलीच्या समितीला वाचता यावी आणि पवनीच्या पशुवैद्यकाला दोन्ही शेजारी ठेवून पाहता याव्यात. एखाद्या गावाच्या ओळींत सलग तीन वर्षे बैल पडण्याचे प्रमाण जास्त दिसले, तर दोष मातीचा आहे, धाव थांबवण्याच्या जागेचा आहे की जोडीमागून धावणाऱ्या पोरांचा, हे शोधता येईल, आणि पुढच्या हंगामाआधी मैदान नांगरून घ्यायचे की हलवायचे हे ठरवता येईल. यासाठी लागणारा खर्च रात्रीच्या नाटकाच्या एका तंबूइतकाही नाही. अडचण दुसरीच आहे: पडलेल्या बैलाची नोंद ज्याच्या हातून व्हायची, तोच बहुतेक वेळा पटाच्या आयोजकांपैकी एक असतो, आणि ती नोंद पाहून परवानगी नाकारली जाईल अशी भीती त्याला असते. म्हणून पहिले पाऊल जिल्हाधिकारी कार्यालयाकडून यायला हवे. खरी नोंद देणाऱ्या गावाला पुढच्या वर्षी परवानगी लवकर मिळेल, आणि नोंद कोरी ठेवणाऱ्याची आधी तपासणी होईल, एवढे लेखी कळवले तरी या मंडईपासून पटाच्या हंगामापर्यंत समित्यांच्या हातात तयारीला वेळ आहे.